आधी पाणी, मग दगड: गिरगावातली एक पाणपोई पुन्हा सुरू करताना

गिरगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनी दगडी पाणपोई आहे. तिच्या नळाला पुन्हा पाणी यायला फेब्रुवारी 2022 पासून फेब्रुवारी 2024 उजाडला. या काळात सगळ्यात जास्त अडलं ते एवढ्यावरच, की कुठला कागद कुठे मिळतो आणि कुठलं काम कशाच्या आधी करायचं, हे सांगणारं कुणी भेटत नव्हतं. जे भेटले त्यांना एकेक तुकडा माहीत होता. ते तुकडे जोडून इथे लिहितेय. पाणपोईचं आणि ती बांधणाऱ्या घराण्याचं नाव देत नाही, त्यांच्या आजच्या पिढीची तशी इच्छा आहे. वॉर्डही लिहीत नाही. मुंबईत कागद साधारण सगळीकडे तेच लागतात.

पाणपोई फार मोठी नाही. जोतं काळ्या दगडाचं, त्यावर पिवळसर मालाड दगडाचे चार खांब, आणि नक्षीकाम तेवढं सगळं पोरबंदरी दगडात. हा दगड मऊ, सायीच्या रंगाचा, त्यात छिन्नी छान चालते. रस्त्याकडच्या तोंडाला महिरप, महिरपीच्या दोन्ही खांद्यांवर मोर, मध्ये गोमुख आणि गोमुखाखाली कमळाच्या पाकळ्यांची कुंडी. कुंडीतून सांडलेलं पाणी खाली जोत्याशी लांबट डोणीत उतरतं, ती गुरांसाठी. वर छोटी घुमटी आहे आणि तिच्या चार कोपऱ्यांवर पाखरांसाठी कोरलेल्या उथळ वाट्या. एका नळाच्या पाण्यात माणूस, जनावर आणि पाखरू तिघांची सोय बघितलेली. नुसती शोभा म्हणून यातलं काहीच कोरलेलं नाही, हे मला फार उशिरा, जवळून बघताना उमगलं.

2022 मध्ये यातलं बरंचसं दिसत नव्हतं. ऑइलपेंटचे थरावर थर चढले होते, हिरवा, गुलाबी, पांढरा. मोर कबुतरांसारखे गुळगुळीत झाले होते. गोमुखाचा खालचा ओठ तुटलेला, कुंडीत फुटक्या लाद्या, डोणीत डेब्रिज आणि एका खांबाला मोबाइलच्या कव्हरांची जाळी टांगलेली. त्या फेब्रुवारीत फुटपाथचं काम निघालं आणि पाणपोई आता हलवणार अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा गल्लीतल्या आम्ही काहीजणांनी ठरवलं, की आधी ही आहे कोणाची ते कळू दे.

पहिला कागद माहिती अधिकाराचा. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तर 30 दिवसांत अपेक्षित असतं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तोही 150 शब्दांत मांडायचा असतो. म्हणून एकच गोष्ट विचारा: ही वास्तू महापालिकेच्या कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे, आणि तिच्या पाणजोडणीची नोंद आहे का. 'संपूर्ण इतिहास द्यावा' असं लिहिलं की उत्तरही तसंच मोघम येतं. त्याच वेळी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रकाची नक्कल काढून घ्या. आमच्या बाबतीत जागा महापालिकेची, बांधकाम देणगीतून, आणि जोडणीची नोंद 'बंद' अशी निघाली. 'बंद' हा शब्द वाचून मला बरं वाटलं. बंद आहे म्हणजे कधीतरी चालू होती, आणि नव्या जोडणीपेक्षा जुनी सुरू करण्याची मागणी कागदावर मांडायला सोपी.

उत्तराची वाट बघण्याच्या दिवसांत मी शहरातल्या इतर पाणपोया बघत फिरले. हे प्रत्येकाने करावं. आपली पाणपोई कुठल्या कुळातली आहे ते त्याशिवाय कळत नाही. मशीद बंदरच्या भात बाजारात केशवजी नायक यांचं कारंजं आणि मनोरा आहे, 1876 चा, त्यावर घड्याळ. भोवती हातगाड्या, गोण्या, हमाल. ही गोष्ट नेमकी तिथे का बांधली ते भर दुपारी तिथे उभं राहिलं की कळतं. जीपीओजवळ 1923 ची कोठारी प्याऊ. फोर्टात रतनसी मुळजी जेठा यांचं कारंजं, 1894 चं. सीएसएमटीची इमारत रचणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा आराखडा आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांची शिल्पकामाची साथ. सगळ्यात वर पुस्तक वाचत बसलेला एक मुलगा आहे. रतनसींचा मुलगा धरमसी लहान वयात गेला, त्याची ती आठवण. मी तिथे बराच वेळ थांबले. मुलगा गेल्याचं दुःख एखाद्या बापाने रस्त्यावरच्या तहानलेल्या माणसासाठी पाणी ठेवून व्यक्त करावं, हे आपल्याकडे किती स्वाभाविक मानलं गेलं होतं! या कारंज्याच्या जतनाला 2018 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत सन्मान मिळाला आहे.

मग राज्य पुराभिलेखागार, म्हणजे जुने सरकारी दस्तऐवज जपणारं कार्यालय. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत ते आहे, आणि ती इमारत सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या नावाची. याच कावसजींनी मुंबईत चाळीस पाणपोया बांधून दिल्या. लंडनच्या रीजेंट्स पार्कमध्येही त्यांनी दिलेलं एक पिण्याच्या पाण्याचं कारंजं आहे, 1869 चं. रॉबर्ट कीर्ल यांचा आराखडा, दहा टन सिसिलीचा संगमरवर आणि चार टन ॲबर्डीनचा लाल ग्रॅनाइट, खर्च 1,400 पौंड. त्यावर सिंह आहे, माडाचं झाड आहे आणि चक्क आपला वशिंडाचा बैल आहे. नणंदेचा मुलगा तिकडे असतो, त्याने मला त्या बैलाचे फोटो पाठवले. बैलाचं वशिंड आणि गळ्याची पोळी इंग्लंडातल्या कारागिराने कोरलीय, पण बघणाऱ्याला शंका राहत नाही की हा देशी बैल. कावसजींच्या मुंबईतल्या चाळीसपैकी आज किती शिल्लक आहेत याचा विचार करत मी फोटो बंद केले.

पुराभिलेखागारात जायचं तर ओळखपत्र, विषय लिहिलेला अर्ज आणि शक्यतो एखाद्या संस्थेचं शिफारसपत्र न्या. आत पेन चालत नाही, पेन्सिल ठेवा. आमच्या छोट्या पाणपोईबद्दल तिथे थेट काही हाती लागलं नाही, पण मुंबईच्या पाण्याची गोष्ट मात्र नीट समजली. 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं, मग 1879 मध्ये तुळशीचं, 1892 मध्ये तानशाचं. नळ आला म्हणजे रस्त्यावर कुठेही पाणी देता येऊ लागलं. पुढे मलेरियाच्या भीतीने शहरातल्या कितीतरी विहिरी झाकल्या, बुजवल्या गेल्या, तेव्हा हमाल, गाडीवान, गिरणीकामगार यांची भिस्त या पाणपोयांवरच राहिली असणार.

आता वारसा यादीचं. मुंबईत वारसा वास्तूंची यादी आहे आणि तिच्यात श्रेणी आहेत: एक, दोन-अ, दोन-ब, तीन. नाव यादीत असेल तर कामाआधी मुंबई वारसा संवर्धन समितीकडचा रस्ता धरावा लागतो. आमच्या पाणपोईचं नाव यादीत स्वतंत्र नव्हतं. पण 'नाही' हेसुद्धा लेखी लागतं. ते पत्र मिळवण्यात उन्हाळा गेला आणि पावसाळाही निम्मा गेला. एका टेबलावर फाइल इतकी थांबली की मी तिथल्या पंख्याचा आवाज ओळखायला लागले होते. त्या काळात हताश व्हायला व्हायचं, आणि घरी आल्यावर कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. एक उपाय लागू पडला. प्रत्येक वेळी आवक क्रमांक वहीत लिहायचा आणि पुढच्या वेळी तोंडाने विषय सांगण्याऐवजी तो क्रमांकच पुढे करायचा. पत्र ऑगस्ट 2022 मध्ये हातात आलं.

आमच्या सोबत वारसा वास्तूंचं काम करणाऱ्या एक वास्तुविशारद बाई होत्या. त्यांनी फीच्या नावाखाली अगदी नाममात्र रक्कम घेतली. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, ''पाणी कुठून येणार ते ठरलंय का?'' आम्ही सगळे मोरांवर बोलत होतो. त्या म्हणाल्या, ''आधी पाणी ठरवा, मग दगडाला हात लावू. कोरडी पाणपोई कितीही उजळली तरी दोन वर्षांत तिच्यावर परत जाळ्या टांगल्या जातात.'' सगळ्या लेखातून एकच वाक्य कुणी उचलणार असेल तर हे उचलावं.

जोडणीच्या अर्जाला महापालिकेचा परवाना असलेला प्लंबर लागतो. नकाशावर जलवाहिनी कुठे आहे, तिथून पाणपोईपर्यंत किती लांबीचा चर खणायचा, मीटर कुठे बसवायचं, हे सगळं तोच काढून देतो. सोबत वॉर्डातल्या जलकामे खात्याच्या सहायक अभियंत्यांकडे अर्ज, आणि मीटरचं बिल कोण भरणार याचं हमीपत्र. आमचं रहिवासी मंडळ नोंदणीकृत आहे म्हणून हमी मंडळाच्या नावाने गेली. नोंदणी नसेल तर इथेच गाडं अडतं, तेव्हा ती आधी करून घ्या. पैसेही मंडळाच्याच खात्यात जमा होऊ द्या, कुणा एकाच्या नावावर नकोत. देणगीदारांच्या वंशजांनी जवळपास निम्मा भार उचलला, बाकीचा गल्लीतल्या घरांनी आणि दुकानदारांनी.

सगळ्यात महत्त्वाची तारीख कोणी सांगत नाही ती सांगते. पावसाळ्यात रस्ता खोदायला परवानगी मिळत नाही, आणि ही बंदी मे सरतानाच लागू होते. तोपर्यंत चर खणून बुजवला नाही तर थेट ऑक्टोबर. आमची पाण्याची मंजुरी आली मे 2023 मध्ये, रस्ता खोदायचा अर्ज त्यानंतर. म्हणजे अख्खा पावसाळा थांबणं आलं. तुम्ही जानेवारीत अर्ज टाका.

दगडाचं काम मात्र जानेवारी 2023 मध्येच सुरू झालं होतं, कारण जोडणी मिळणार हे तोवर तोंडी का होईना, पक्कं झालं होतं. रंग काढणं हे सगळ्यात नाजूक काम. गल्लीत प्रत्येकाकडे उपाय तयार होता: ॲसिड मारा, सॅण्डब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) करा, ग्राइंडर फिरवा. यातलं काहीही करू देऊ नका. पोरबंदरी दगड चुनखडीचा असतो, ॲसिडने तो विरघळतो, आणि सॅण्डब्लास्टिंगने रंगाबरोबर नक्षीही जाते. आमच्याकडे मागच्या, कमी दिसणाऱ्या बाजूला तळहाताएवढ्या जागेवर तीन वेगवेगळ्या लेपांची चाचणी घेतली. त्यातला जो सौम्य ठरला तो लावायचा, वर प्लॅस्टिक गुंडाळून ठेवायचं, मग मऊ नायलॉनच्या ब्रशने आणि कोरीव भागात बांबूच्या टोकदार काड्यांनी अलगद सोडवायचं. पाणी थोडंच वापरायचं.

कामाला दोघे पाथरवट होते, चुलते-पुतणे, संगमनेरकडचे. डाव्या मोराचा रंग निघाला त्या दुपारी मी तिथेच होते. आधी मानेवरचे पिसांचे चंद्रकोरी टाके दिसले, मग डोळा, मग चोचीत धरलेली मोत्यांची माळ. शेवटचा मणी निम्माच कोरलेला आहे, कारण दगड तिथेच संपतो. उजवा मोर दिसला तेव्हा चुलते म्हणाले, ''ताई, हे दोन हात आहेत बघा. डावीकडच्याने छिन्नी उभी धरलीय, उजवीकडच्याने आडवी.'' खरंच, डाव्याची पिसं खोल आणि टोकदार, उजव्याची रुंद, पसरट. पुढे बघताना मला ते दर वेळी दिसतं. उजव्या मोराची चोच तुटलेली आहे. ती नव्याने बसवावी असं बऱ्याच जणांना वाटत होतं. पण तिच्यात काय होतं, माळ की आणखी काही, याचा फोटो नाही की चित्र नाही. म्हणून चोच तशीच ठेवली. गोमुखाचा ओठ मात्र नवा केला, कारण तो नसला की पाणी कुंडीत न पडता भिंतीवरून ओघळतं आणि दगड खातं. जे पाण्याच्या वाटेवर आहे ते दुरुस्त करायचं, बाकी आहे तसं जपायचं, असा नेम आम्ही शेवटपर्यंत पाळला.

महिरपीच्या वर रंगाखाली संगमरवरी पाटी निघाली, गुजराती आणि मराठी दोन्ही भाषांत. ठसा घ्यायला बटर पेपर चिकटपट्टीने लावून त्यावर मऊ पेन्सिल आडवी फिरवली, म्हणजे झिजलेली अक्षरंही उठतात. त्यावर 'संवत 1969, चैत्र शुद्ध 9' असं होतं. गुजराती संवत कार्तिकात बदलतं. त्यामुळे दिवाळीनंतर डिसेंबरपर्यंतची तिथी असेल तर 57 वजा करायचे, पुढच्या महिन्यांसाठी 56. म्हणजे पाणपोई 1913 च्या रामनवमीची. पुढच्याच ओळीत, कुणाच्या स्मरणार्थ, ते नाव. घराण्यातल्या आजींना तो ठसा नेऊन दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावला आणि ते नाव मोठ्याने वाचलं. त्यांच्या आजेसासूबाईंचं होतं.

आता ज्याबद्दल लिहायचं की नाही यावर मी पुष्कळ विचार केला ते लिहिते. गल्लीकडच्या बाजूला, खांबाच्या आडोशाला, सिमेंटने बुजवलेलं एक भोक होतं. सिमेंट काढलं तर आत दगडी पन्हळ निघाली. अर्धा हात लांब, बाहेरच्या अंगाला उतार दिलेली, आणि सगळ्या पाणपोईत हीच एक गोष्ट अशी, की तिच्यावर एकही रेष कोरलेली नाही. समोरच्या इमारतीतले ऐंशी ओलांडलेले काका काठी टेकत बघायला आले. त्यांनी सांगितलं, ''माझी आजी सांगायची. आत माठ घेऊन माणूस बसायचा. समोरून तांब्याने ओंजळीत पाणी वाढायचा. आणि ज्यांना समोर येऊ देत नव्हते त्यांच्यासाठी ही पन्हळ.'' कुणाला समोर येऊ देत नव्हते, ते विचारायची गरज कुणालाच पडली नाही.

पाणपोई 1913 ची. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला 1923 मध्ये, आणि त्यानंतरही महाडला चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी 1927 मध्ये बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. म्हणजे ही पन्हळ तेव्हाच्या मुंबईतल्या रोजच्या व्यवहाराचा भाग होती. तिचं काय करायचं यावर मंडळाच्या बैठकीत आवाज चढले. काहींना ती पुन्हा बुजवून टाकायची होती, उगाच जुनं का उकरायचं म्हणून. काहींना लाज वाटत होती, आणि ती लाज मला खरी वाटली. मी ठाम होते की बुजवायची नाही. ज्या हातांनी मोर कोरले त्याच हातांनी हीही कोरली, आणि एकाच पाटीखाली दोन्ही आहेत. वास्तुविशारद बाईंनी दगडाच्या बाजूने तेच सांगितलं: ''ती काढली तर पुरावा जातो.'' शेवटी पन्हळ उघडी ठेवली, आणि तिच्या शेजारीच, त्याच वाहिनीवर, समोरच्यासारखाच पितळी नळ बसवला. माहितीफलकावर ती कशासाठी होती ते दोन सरळ वाक्यांत लिहिलं. मजकूर ठरायला तीन बैठका लागल्या आणि मसुदा गल्लीतल्या ज्या घरांच्या पणज्या-आज्यांनी त्या पन्हळीचं पाणी प्यायलं, त्यांनीच पक्का केला. ते योग्यच झालं.

पावसाळ्याचे चार महिने वाया गेले नाहीत. सांध्यांमधलं सिमेंट उकरून चुन्याने दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरल्या. सिमेंट ओल आत कोंडून धरतं आणि मऊ दगड आतून फुगून पापुद्रे सोडतो. आमच्या पोरबंदरी दगडाची जी झीज झाली होती ती ऊन-पावसापेक्षा या ठिगळांमुळे जास्त. चुना आधी मुरवत ठेवला होता, त्यात वाळू, सुरखी (विटांची भुकटी), गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर. ताडपत्री बांधून आत ओली गोणपाटं टांगली. पुतण्या रोज सांगायचा, ''चुन्याला घाई केली की तो भेगाळतो, ताई. ओला ठेवा, झाकून ठेवा.'' त्या ताडपत्रीमुळे गल्लीत वाहनांची अडचण झाली, तक्रारी आल्या. दोन्ही टोकांना 'काम कशाचं, कधी संपणार, कुणाशी बोलायचं' असा फळा लावला आणि बऱ्याच तक्रारी तिथेच मिटल्या.

नोव्हेंबर 2023 मध्ये चर खणला, वाहिनी आली, मीटर बसलं. आत उलटं पाणी वाहिनीत जाऊ नये म्हणून झडप, आणि जुन्या कोनाड्यात बसेल असा छोटा फिल्टर. त्याची दारं लाकडी केली, बाहेरून काही दिसत नाही. पाण्याचा नमुना निर्जंतुक बाटलीतच घ्यावा लागतो. घरची धुतलेली बाटली चालत नाही. अहवालात कोलिफॉर्म जंतू नाहीत आणि क्लोरीनचं प्रमाण ठीक आहे, हे दोन रकाने बघायचे. अहवाल जानेवारी 2024 मध्ये चांगला आला.

एक अनपेक्षित पेच डोणीचा झाला. साचलेलं पाणी दिसलं की डासांच्या अळ्यांसाठी नोटीस येते, आणि ती बरोबरच आहे. म्हणून डोणीच्या तळाला बूच असलेलं भोक ठेवलं. सकाळी भरते, रात्री दुकान बंद करताना शेवटचा दुकानदार बूच काढतो. आता गुरं येत नाहीत, कुत्री येतात, दुपारी कावळेही. पाखरांच्या वाट्यांत मात्र पाणी चढवायची जुनी नळी चोंदलेली आहे आणि ती मोकळी करताना घुमटीला धक्का बसण्याची भीती आहे. ते काम तूर्त सोडलंय, शेजारच्या पोरी गच्चीवरून लांब दांड्याच्या मगाने वाट्या भरतात.

खर्चाचा अंदाज द्यायचा तर रंग काढणं आणि साफसफाई सव्वा लाखाच्या आसपास, दगड आणि कोरीव काम दीड लाखाच्या पुढे, चुन्याचं काम लाखाला थोडं कमी, जोडणी, खोदकामाची फी आणि नळकाम मिळून एक लाखाच्या घरात, फिल्टर तीसेक हजार. बाकी कागद, फलक, ताडपत्री, चहा. सगळं मिळून साडेपाच लाखांच्या आगेमागे गेलं. तुमची पाणपोई मोठी असेल किंवा घड्याळाचा मनोरा वगैरे असेल तर हे आकडे कामाचे नाहीत. दगड आणि चुना यांसाठी दोन वेगळ्या निविदा मागवू नका, सांध्याची जबाबदारी मग कोणीच घेत नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये नळ सुरू झाला. समारंभ केला नाही, घराण्यातल्या आजींनी पहिला पेला भरून पाथरवट चुलत्यांच्या हातात दिला. ते दुसऱ्या कामावरून मुद्दाम आले होते. पहिल्या उन्हाळ्यात सर्वांत जास्त आले ते डिलिव्हरीची पोरं, टॅक्सीवाले आणि मार्केटातले हमाल. गल्लीकडच्या नळावर समोरच्यापेक्षा जास्त गर्दी असते, तिथे दुपारी दोननंतर सावली पडते.

चालू ठेवण्याचा खर्च वेगळा धरावा लागतो. पाण्याचं बिल, दर तिमाहीला फिल्टरची काडतुसं आणि वर्षातून दोनदा पाण्याची तपासणी. यासाठी आम्ही सुरुवातीच्या देणग्यांतला एक लाख मुदत ठेवीत टाकला आणि त्याचं व्याज अपुरं पडतं तेवढं गल्लीतली दुकानं पाळीने भरतात. पाळीची यादी फिल्टरच्या लाकडी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे. पितळी नळ चोरीला जाण्याची भीती सगळ्यांनी घातली होती, म्हणून एक जास्तीचा करून मंडळाच्या कपाटात ठेवलाय. अजून तो लागलेला नाही. रंग मात्र निवडणुकीच्या आधी एकदा कुणीतरी मारायला काढला होता, डबा उघडून झाला होता. म्हणून आता फलकाच्या तळाशी एक ओळ वाढवली आहे: 'या दगडाला रंग लावू नये. काही करायचं असेल तर मंडळाला विचारावं.' तुमच्या फलकावर ती पहिल्यापासूनच घाला.